आठ माणसांचा तंबू

भूकंप झाला सकाळी सव्वादहाला, आणि असा झाला की विहिरीतलं पाणी उडून शेजारच्या कौलांवर पडलं, पाण्याबरोबर दोन बेडूकही. न्हावी तर शपथेवर सांगायचा की गिऱ्हाइकाची अर्धी दाढी भूकंपानंच केली, वस्तरा नुसता त्याच्या हातात होता, आणि ओरखडासुद्धा उठला नाही. खरंखोटं न्हाव्याला ठाऊक. पण थोरलीच्या घराचं जे झालं ते सगळ्या गल्लीनं डोळ्यांनी पाहिलं. बाहेरच्या भिंती बसल्या, छप्पर बसलं, आणि अकरा वर्षं दोन जावांच्या मध्ये उभी असलेली भिंतसुद्धा बसली.

ती भिंत उठली होती एका कपाटावरून. सासरे गेले, वाटण्या झाल्या, भांडीकुंडी सुरळीत वाटली गेली, आणि आरशाच्या कपाटापाशी गाडं अडलं. थोरली म्हणे माझं, धाकटी म्हणे माझं. शेवटी सुताराला बोलावून कपाट करवतीनं उभं मधोमध कापलं. कापताना सुतार रडला म्हणतात. मग मध्ये भिंत घातली, आणि दोघींनी आपापलं अर्धं कपाट त्याच भिंतीला टेकवलं, कारण एका बाजूनं ते उघडंच होतं. म्हणजे कपाट होतं तिथंच, होतं तसंच, फक्त त्याच्या पोटातून भिंत गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. थोरली शिवणकाम करायची, धाकटी लाँड्रीत इस्त्री. थोरलीनं शिवलेला सदरा धाकटीच्या इस्त्रीखालून जायचा, पण तोंडातून शब्द जायचा नाही.

भूकंपानंतरचा तो पाचवा दिवस. सगळं गाव मिशनच्या मैदानात येऊन पडलं होतं. चर्चला एवढी चीर गेली होती की तिच्यातून आरपार बाजार दिसायचा, म्हणून मिशनवाल्यांनी बाकं बाहेर काढून त्यांचीच टेबलं केली होती. एका बाकावर कपडे, एकावर औषधं, एकावर पाव. पाळकसाहेब, ज्यांना लोकांनी आजवर कधी बाह्या दुमडलेलं पाहिलं नव्हतं, ते गुडघाभर चिखलात संडासाचे खड्डे खणत होते. आणि तंबूंच्या बाकावर बसल्या होत्या मोठ्या सिस्टर. हा त्यांचा चौथा भूकंप. माणूस लांबून चालत येतानाच त्यांना कळायचं म्हणे, की हा खरं सांगायला येतोय की पाठ केलेलं.

थोरलीच्या मांडीवर बारा दिवसांचा नातू होता. तीन ब्लँकेटांत गुंडाळलेला, तरी पाय बर्फासारखे. सकाळपासून त्यानं दूध ओढलं नव्हतं. सून छातीशी धरायची आणि तो नुसताच झोपून जायचा. मिशनच्या डॉक्टरबाईंनी त्याला पाहिलं, ओठांची निळसर कड पाहिली, आणि आवाज खाली आणून थोरलीला सांगितलं की याचं अंग ऊब धरत नाहीये. दवाखान्याचंच छप्पर बसलेलं, जखमी माणसं उघड्या ओसरीत झोपवलेली, तिथं ठेवून काही उपयोग नाही. बंद तंबू हवा आणि आत शेगडी हवी, तीही अंधार पडायच्या आत. आज रात्री त्याला ताडपत्रीखाली ठेवू नका, एवढंच त्या दोनदा म्हणाल्या.

शेगडीचे तंबू होते. पण ते मोठे, आठ माणसांच्या घराला एक, असा मिशनचा नियम. लहान तंबू संपले होते, आणि बाकीचे घेऊन निघालेला ट्रक तुटलेल्या पुलापलीकडे तीन दिवस उभा होता. मोठ्यांतले सकाळी चार उरले होते, दुपारी दोन, आणि आता एक.

थोरलीनं बोटांवर मोजलं. ती, तिचा घड्याळं दुरुस्त करणारा नवरा, मुलगा, सून, बाळ. पाच. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हातगाडीखाली धाकटी बसली होती, तिचा नवरा आणि सासूबाई. तीन.

पाच नि तीन किती होतात हे तिला सकाळीच कळलं होतं. गिळायला दुपार लागली.

ती उठली, मैदान ओलांडलं आणि सासूबाईंसमोर जाऊन उभी राहिली. धाकटी तिथंच होती, हाताच्या अंतरावर, पण थोरली बोलली ती सासूबाईंशी. म्हणाली, तुमच्या सुनेला सांगा की एका घराचे म्हणून नाव घातलं तर तंबू मिळतोय. सासूबाई अकरा वर्षं दोघींचं टपालखातं चालवत होत्या, आणि सगळ्या टपालखात्यांसारखं थोडं फोडून वाचायच्याही. त्या धाकटीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ही म्हणतेय, चुकलं माझं, आता एक व्हा."

थोरलीनं दात आवळले. धाकटीनं तिच्याकडे बघितलंच नाही. तिनं बघितलं मैदानाच्या त्या टोकाला, सुनेच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे. मग उठून पायात चप्पल सरकवली. एकच होती, दुसरी ढिगाऱ्यात.

आता खरी परीक्षा होती सिस्टरांची. कारण आठाचा नियम कळल्यापासून गावात घरं भलतीच वाढायला लागली होती. न्हावी जन्माचा ब्रह्मचारी, पण परवा तो बेकरीवाल्याची विधवा बहीण आणि तिची सहा पोरं घेऊन रांगेत उभा राहिला होता, आणि सगळ्यांत लहान पोर त्याला काका-बाबा म्हणत होतं. म्हणून सिस्टरांनी रीत पाडली होती. घरातली दोन मोठी माणसं घ्यायची, एकाला बाकावर बसवायचं, दुसऱ्याला चादरीच्या पडद्यामागे, आणि दोघांना तेच पाच प्रश्न वेगवेगळं गाठून विचारायचे. खोटं निघालं तर नाव काटायचं, आणि ज्याचं नाव काटलं तो ट्रक येईपर्यंत रांगेत दिसता कामा नये.

काय विचारतील हे कुणालाच माहीत नसायचं. एक शब्द ठरवायला वेळ नव्हता, आणि असता तरी ठरवलं कुणी असतं? धाकटी पडद्यामागे गेली. थोरलीनं वहीत आठ नावं आणि चूल एक असं लिहवलं आणि ती बाकावर बसली. तिच्या मागे रांगेत एक जाडजूड गवंडी, त्याचं दहा माणसांचं खरंखुरं घर घेऊन, उरलेल्या एका तंबूकडे बघत उभा होता.

सिस्टरांनी विचारलं, घरात सगळ्यांत आधी कोण उठतं?

थोरलीच्या तोंडून आपोआप निघालं, "धाकटी. चारला. आधी तीनदा खोकते, मग बादली वाजते."

सासूबाई झोपताना काय मागतात? पाणी, दोनदा, पण दुसऱ्यांदा पीत नाहीत, नुसतं मागतात. घोरतं कोण? धाकटा दीर, पण कुशीवर वळला की गप्प. घरात शेवटचं काय फुटलं? बरणी, मागल्या रविवारी दुपारी, दिरानं फोडली आणि आळ मांजरावर घातला, आणि मांजर तर घरात नाही. सून बाळंत झाली तेव्हा पहिलं कोण रडलं?

"बाळाचा बाप," थोरली म्हणाली. "बाळ नंतर."

सिस्टर पडद्यामागे गेल्या. चादरीखालून थोरलीला धाकटीचे पाय दिसत होते, एक चपलेतला आणि एक मातीनं माखलेला. शब्द ऐकू येत नव्हते. पाचवा प्रश्न तर थोरलीच्याच घरचा होता, धाकटी त्या दिवशी उंबऱ्याशीही आली नव्हती. सूर्य चर्चच्या चिरेत जाऊन बसला होता, अजून तासभर असेल. तिकडे सून बाळाच्या तळपायावर टिचक्या मारत होती, त्याला उठवायला. बाळ उठत नव्हतं.

सिस्टर परत आल्या. वही उघडली, पेन उचललं.

"पाचच्या पाच जुळले," त्या म्हणाल्या. "बादलीसकट."

थोरलीच्या जिवात जीव आला, तो जेमतेम एक श्वास टिकला. कारण सिस्टर पुढं म्हणाल्या, "बाई, मी चार भूकंपांत हजारभर घरं विचारली. नवरा म्हणतो मी आधी उठतो, बायको म्हणते कधी उठलात? खऱ्या घरात तीन जुळतात आणि दोनांवरून भांडण होतं. पाचही जुळले ते परवा त्या न्हाव्याचे. तुम्ही पाठ करून आलात."

आणि पेन नावावर टेकलं.

मागच्या गवंड्यानं एक पाऊल पुढं टाकलं. थोरलीला वाटलं, आता पायाखालची जमीन पुन्हा हलली तर बरं. एकाच छताखाली दोन घरं होतो असं सांगावं तर खोटं बोलल्याबद्दल नाव जाणार, गप्प बसावं तर पाठ केल्याबद्दल जाणार. आजवर ती कपड्याच्या मापात कधी चुकली नव्हती, आणि आता अशी कापली गेली होती की कुठून शिवावं कळेना.

"पाठ नाही केलं," ती म्हणाली. "ऐकलंय."

मग तिनं सगळं सांगितलं. कपाट, करवत, भिंत, अकरा वर्षं. भिंत एका विटेची, तीही स्वस्तातली. पलीकडे सुई पडली तरी अलीकडे कळायचं. ज्यांच्याशी आपण बोलतो त्यांचं कोण ऐकतं? नवऱ्याचं बोलणं या कानातून शिरून त्या कानातून जातं. पण जिच्याशी बोलायचं नाही, तिचा खोकला मोजावा लागतो. मागल्या थंडीत ती आजारी होती, रात्रभर खोकायची, आणि एका पहाटे खोकला थांबला तो थांबलाच. चार वाजले, बादली नाही. सव्वाचार, नाही.

"मग मी भिंत वाजवली," थोरली म्हणाली.

पडदा बाजूला झाला. धाकटी एका चपलेवर उभी होती. अकरा वर्षांनी ती थेट थोरलीकडे बघून बोलली, आणि गोड काही बोलली नाही.

"मला वाटलं, खोकू नको म्हणून वाजवताय जाऊबाई. डोळा लागला होता कुठं जरा. एवढा राग आला, म्हणून मीही उलट वाजवली, लाटण्यानं."

"जोरात वाजवलीस."

"रागानं वाजवली."

"कळलं गं. एवढ्या जोरात मेलेलं माणूस वाजवत नाही, म्हटलं. मग झोपले मी."

 गवंडी मागे जागच्या जागी थांबला. सिस्टरांनी पेन अजून उचललं नव्हतं. त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं की म्हणजे चुली दोन?

"दोन," थोरली म्हणाली. "वहीत एक सांगितली ते खोटं. ते काटा. पण सिस्टर, डॉक्टरबाईंना विचारा बाळाचं. शिक्षा करायची तर मला करा, मी बाहेर ताडपत्रीत राहते. मग सातच उरतील, पण..."

"सातांना मिळत नाही," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांनी मान वळवून गवंड्याला विचारलं, तुझ्याकडे तान्हं आहे? नव्हतं. त्याचा सगळ्यांत लहान मुलगा आठ वर्षांचा होता आणि या क्षणाला तंबूच्या दोऱ्यांवर झोके घेत होता.  मग गवंड्याला म्हणाल्या की पाळकसाहेबांची शिवणशाळेची खोली उभी आहे, शेगडी नाही पण छप्पर आहे, आजची रात्र तुमची दहा माणसं तिथं, आणि ट्रक आला की पहिला तंबू तुमचा. गवंडी पुटपुटला, पण गेला.

"मिशनच्या नियमात घर म्हणजे एक चूल," सिस्टर थोरलीला म्हणाल्या. "या तंबूत शेगडी एकच आहे. मी रोज येऊन बघणार. दोन भांडी चढलेली दिसली तर तंबू उतरवणार, बाळ असो नसो. कबूल?"

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली कबूल. थोरलीच्या आधी म्हणाली, याचं थोरलीला तेवढ्यातही जरा लागलं.

तंबू उभा करताना दोन्ही भाऊ असे कामाला लागले की जणू अकरा वर्षं नुसती दोरी धरून वाट बघत होते. पाळकसाहेब खड्ड्यातून तसेच चिखलासकट येऊन खुंट्या ठोकायला लागले, एक खुंटी वाकडी गेली तर तीच सरळ आहे असं म्हणाले. सासूबाईंनी आत जाऊन शेगडीशेजारची जागा धरली आणि जाहीर केलं की हलले तर भूकंपानंच हलेन. सुनेला त्यांच्या शेजारी बसवलं. धाकटीला लाँड्रीतली सवय, तिनं कोळसे बघता बघता लाल केले. फडकं शेगडीवर धरून गरम करायचं, गालाला लावून बघायचं आणि बाळाच्या पोटावर ठेवायचं. ते निवलं की थोरलीनं काढायचं, दुसरं द्यायचं. फडक्यामागून फडकं.  बाहेर अंधार पडला. घड्याळवाला नवरा सवयीनं सारखा मनगटाकडे बघत होता, तेव्हा थोरलीनं त्याला बाहेर पाणी आणायला पिटाळलं.

कितवं फडकं होतं कुणास ठाऊक. थोरली पुढं सांगायची की शंभरावं, पण तेवढी फडकी अख्ख्या मिशनमध्ये नव्हती. बाळाचं पाऊल तिच्या तळहातात होतं, आणि ते पाऊल तिच्या हाताइतकंच गरम झालं. तिला आधी कळलंच नाही. मग पावलानं तिला लाथ मारली. तोंड वाकडं झालं, लाल झालं, आणि त्या एवढ्याशा जिवानं असा टाहो फोडला की पलीकडच्या तंबूतल्यांना वाटलं पुन्हा धक्का बसला, आणि दोनचार माणसं बाहेर पळाली.

सुनेनं त्याला छातीशी घेतलं. क्षणभर काहीच नाही. मग तो ओढायला लागला, घटाघटा, मधूनच श्वास घ्यायला विसरून.

थोरली तशीच बसून राहिली, हातात निवलेलं फडकं घेऊन. मागे शेगडीवर मिशननं दिलेल्या एकुलत्या एका पातेल्यात बटाटे शिजत होते, आणि धाकटी मिठाची पुडी हातात धरून उभी होती.

"मीठ किती घालू?" धाकटीनं विचारलं.

"घाल अंदाजानं," थोरली म्हणाली, आणि मग गप्प बसवेना, "पण कमीच घाल. तुझा हात जड आहे."