मला हिरवा रंग फासला

मी एक जुना डॅशबोर्ड आहे. मोटारीतला नव्हे, ऑफिसातला, भिंतीवर आकडे दाखवणारा पडदा. सध्या अ‍ॅमस्टेलवीन नावाच्या डच गावातल्या एका ऑफिसच्या सायकली ठेवायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. खरे बोलणाऱ्या मुलाला कधी कोणी कोपऱ्यात उभे करते का? मला केले. म्हणून माझा आवाज थोडा चढलेला वाटला तर मित्रांनो, समजून घ्या.

तुम्हाला शाळेत प्रगतिपुस्तक मिळते ना? मी एका संस्थेचे प्रगतिपुस्तक होतो. फरक एवढाच की मी रोज सकाळी कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीवर उजळायचो आणि सगळे मला पाहायचे. या संस्थेच्या परिचारिका सायकलवरून म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातात. कोणाला इंजेक्शन टोचायचे, कोणाची जखम बांधायची, कोणाच्या सुजलेल्या पायांवर घट्ट मोजे चढवायचे. परिचारिका दारात पोचली की फोनवर नोंद करायची. ती नोंद माझ्यापर्यंत यायची. एखाद्या गावातल्या भेटी वेळेवर होत असतील तर ते गाव हिरवे, उशीर होत असेल तर लाल. इतका मी सरळ होतो.

मला घडवले सुनेत्राने. ती पुण्याची. नवऱ्याच्या, म्हणजे नीळकंठच्या, नोकरीमागे इकडे आली आणि जवळच्या उइटहॉर्न गावातल्या घरात काही वर्षे नुसती खिडकीतून पाऊस बघत बसली. मग डच शिकली, अर्ज करत राहिली आणि अखेर या संस्थेत तिला एका वर्षाची नोकरी मिळाली. पुढे कायम करायचे की नाही, हे वर्षअखेरीस ठरणार होते. त्या दिवसांत तिच्या बोलण्यात ‘वर्षअखेर’ हा शब्द फार यायचा.

माझ्याआधी इथे प्रत्येक विभागाचा आपापला तक्ता होता आणि एकाच महिन्याची प्रत्येकाकडे वेगळी खरी आकडेवारी! सुनेत्राने ते तक्ते बाजूला ठेवले. संगणकालाही हात लावला नाही. आधी ती आन्नेके नावाच्या परिचारिकेमागून सायकल हाणत गावोगाव हिंडली. समोरून वारा, डोळ्यात पाणी, अंगात नीळकंठचे मोठे जाकीट. परत आली की सगळ्यांना एकच प्रश्न विचारायची, “हे कळलं तर तुम्ही काय कराल?” ज्याचे उत्तर “काही नाही” असे यायचे, तो आकडा माझ्या अंगावर चढायचा नाही. मला या गोष्टीचा अजून अभिमान आहे. माझ्या अंगावर बिनकामाचा एकही दागिना नव्हता.

‘वेळेवर’ म्हणजे काय, हेही तिने सगळ्यांकडून ठरवून घेतले. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत. आणि एखादे गाव महिनाभर लाल राहिले तर तिथे आणखी एक परिचारिका द्यायची. विभागप्रमुख बर्टने तेव्हा मान डोलावली होती, मी स्वतः पाहिले आहे.

पहिले काही महिने माझे काय कौतुक झाले! लोक कॉफीचा पेला घेऊन माझ्यासमोर थांबायचे, बोट दाखवून बोलायचे. “सुनेत्रा, हे फार छान झालंय,” असे बर्ट तीनतीनदा म्हणायचा.

मग बाडहूव्हडॉर्प लाल झाले. गावाभोवती मोठ्या रस्त्याचे काम निघाले होते, वळसे घालून जाताना आन्नेकेची सकाळ संपून जायची. तिथल्या मेफ्राउ बाकर, म्हणजे बाकरबाई, एकट्या राहायच्या. इन्सुलिन टोचल्याशिवाय खायचे नाही, म्हणून पावाची ताटली झाकून, केस विंचरून त्या दाराकडे तोंड करून बसायच्या. माझ्या अंगावरचा लाल ठिपका म्हणजे ती झाकलेली ताटली होती. मी तो रोज दाखवत होतो. महिना भरत आला होता.

नेमके तेव्हाच संचालक मंडळ ऑफिस बघायला येणार असे ठरले. बैठकीत बर्ट म्हणाला, “पाहुणे येणार आणि भिंत लाल, हे बरं दिसत नाही. आपण ‘वेळेवर’ म्हणजे दुपारच्या आत, असं धरू या. सुनेत्रा, असा बदल करता येईल ना?”

सुनेत्रा म्हणाली, “करता येईल.” आणि गप्प बसली.

इथेच घात झाला. तिच्या मनात होते की चारचौघांत साहेबांना तोडून कशाला बोलायचे, नंतर केबिनमध्ये जाऊन शांतपणे समजावू. तिच्या पुण्याच्या ऑफिसात सगळी कामे अशीच निभायची. पण इथे टेबलाभोवती सगळे बसलेले असतात ते बोलण्यासाठीच. जो तिथे बोलला नाही, त्याला मान्य आहे असे धरून लोक उठतात. ती दुपारी केबिनमध्ये गेली तर बर्ट चकितच झाला. “पण ते तर सकाळी ठरलं! तू होतीस ना तिथे?”

त्या संध्याकाळी मी लॅपटॉपमध्ये, उइटहॉर्नच्या जेवणाच्या टेबलावर होतो. नीळकंठ पोळ्या भाजत होता.

“अगं, इथे ‘नंतर’ असं काही नसतं,” तो म्हणाला. “मीटिंगमध्येच नाही म्हणायचं.”

“तुला बोलायला काय जातंय! वर्षअखेर आलीय माझी. सगळ्यांसमोर बॉसला ऑपोज करू?”

त्यांची आठ वर्षांची मुलगी स्वानंदी ताटातून मान वर करून म्हणाली, “बट आई, यू डिडन्ट वॉन्ट इट. सो व्हाय डिडन्ट यू जस्ट से नो?”

सुनेत्राने माझ्यात बदल केला आणि लॅपटॉप जरा जोरातच मिटला.

दुसऱ्या दिवशी मी नखशिखांत हिरवा होतो. मित्रांनो, तोंडाला काळे फासतात तेव्हा निदान लोकांना कळते तरी. हिरवे फासले की लोक टाळ्या वाजवतात. संचालकांनी वाजवल्या! बाडहूव्हडॉर्पला नवी परिचारिका द्यायचे अर्थातच रद्द झाले. हिरव्या गावाला कशाला हवी?

आणि एका सकाळी आन्नेके पोचली तेव्हा बाकरबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेल्या होत्या. उपाशी वाट बघून चक्कर आली होती. खुब्याचे हाड मोडले होते. ताटली टेबलावर तशीच झाकलेली होती, असे आन्नेके ऑफिसात पुन्हा पुन्हा सांगत होती. आणि माझ्यावर त्या क्षणीही बाडहूव्हडॉर्प हिरवेगार!

बैठक बसली. बर्ट म्हणाला, “खेदाची गोष्ट आहे, पण डॅशबोर्डवर तर सगळं ठीक होतं. सिस्टिमने आपल्याला सावध केलं नाही.”

मी? मी सावध केले नाही? महिनाभर लाल होऊन बोंब मारत होतो मी! मला तोंड असते तर त्या दिवशी ऑफिसच्या काचा फुटल्या असत्या.

तोंड सुनेत्राला होते. तिने कॉफीचा पेला खाली ठेवला.

“सिस्टिम चुकली नाही. तिनं सांगितलं होतं, आपण तिला गप्प केलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर सांगते, नाही. मी जुनी वेळ परत लावणार आहे, आणि बाडहूव्हडॉर्पला माणूस द्यायला हवं.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?” बर्टने विचारले.

“बोलायला हवं होतं. म्हणून आता बोलतेय.”

ओल्या जाकिटातली आन्नेके दारातच उभी होती. ती म्हणाली, “मला माणूस हवाय. आज हवाय.” दुपारपर्यंत मी पुन्हा लाल झालो. इतके स्वच्छ मला कधीच वाटले नव्हते. महिन्याभरात बाडहूव्हडॉर्पला दुसरी परिचारिका मिळाली. बाकरबाई इस्पितळातून वॉकर घेऊन घरी आल्या, आणि त्यांचा नाश्ता वेळेवर होऊ लागला.

वर्षअखेरीस सुनेत्राला सांगण्यात आले की संस्थेची दिशा बदलते आहे, त्यामुळे पुढे ठेवता येणार नाही. दिशा! इथे नोकरी सोडून जाणाऱ्यानेच सगळ्यांना गोड खायला घालायची पद्धत आहे. ती नारळाच्या वड्या घेऊन आली. बर्टने दोन खाल्ल्या, वर तिच्या प्रामाणिकपणावर भाषणही केले. जाताना तिने बाहीने माझी काच पुसली. आता तिचे स्वतःचे काम आहे, ती दुसऱ्या संस्थांसाठी माझी भावंडे घडवते. आणि बैठकीत सर्वांत आधी बोलते, असे आन्नेके सांगत होती.

पुढे संस्थेने नवा, गुळगुळीत डॅशबोर्ड विकत घेतला. त्यात लाल रंगच नाही. लाल पाहून कर्मचाऱ्यांचा हिरमोड होतो म्हणे! तिथे आहेत हिरव्याच्याच छटा, वेळेवर असेल तर गडद, उशीर झाला तर फिकट. मला खाली आणून इथे टेकवले.

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर लावा असे मी म्हणत नाही. माझी काच पुसू नका, हवे तर. पण प्रगतिपुस्तकात लाल रेघ दिसली तर ती खोडू नका, तिच्यामागे कोण बसले आहे ते बघा. आणि मनात ‘नाही’ असेल तर ते सगळे बसलेले असतानाच बोला.

काल आन्नेके सायकल लावायला आली तेव्हा फोनवर कोणाशी तरी भांडत होती. बाडहूव्हडॉर्पची दुसरी परिचारिका काढून घेतली आहे. तिथे आता सगळे ठीक चालले आहे, असे नवा डॅशबोर्ड सांगतो. बाकरबाई केस विंचरून दाराकडे तोंड करून बसल्या असतील. ताटली झाकलेली असेल. आणि वर, कॉफीच्या यंत्राशेजारी, त्या फिकट हिरव्या आहेत.