हद्दीबाहेरची म्हैस

धरणात कुणाची तरी म्हैस मरून पडली होती; चौथ्या दिवशी वारा फिरला आणि ती तरंगत साजवाडीच्या काठाला लागली. नेमकी जिथं बाया हंडे भरायच्या तिथं. पोट ढोलासारखं फुगलेलं, चारी पाय आभाळाकडं, डोळे कावळ्यांनी खाल्लेले. पाण्यावर तेलकट तवंग चढला होता. जिजानं पदर नाकाला दाबला, तरी वास घशात उतरायचा तो उतरलाच.

"चांगो, ह्येच पानी काल प्यायलो रं आपून," ती म्हणाली.

तिचा दीर चांगो झुडपाआड जाऊन भडाभडा ओकला. घरात जिजाची सून सुनिता सकाळपासून तेच करत होती.

मोरडोहाच्या धरणाची तऱ्हाच न्यारी. उगवतीचा काठ कर्जत तालुक्यात, मावळतीचा खालापुरात, मधलं पाणी पाटबंधारे खात्याचं. आणि साजवाडीची तीस घरं पाण्यात घुसलेल्या सोंडेवर. निम्म्या वाडीचं मत खडकोली पंचायतीत, निम्म्या वाडीचं आंबेशेत पंचायतीत. मतं मागायला दोन्हीकडचे यायचे. हापसा मागितला की हे त्यांच्याकडं बोट दाखवायचे, ते ह्यांच्याकडं. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. दहा वर्षं जिजानं हेलपाटे घातले, चपला झिजल्या, पाणी धरणाचंच राहिलं.

ती तशीच तरातरा खडकोलीला गेली. ग्रामसेवक संतोष भाऊसाहेब समोसा खात बसला होता.

"भाऊसाहेब, म्हस सडलीय पान्यात. पोरं आजारी पडाय लागली. मानसं धाडा."

"म्हैस मेली कुठल्या बाजूला?"

"तिनं सांगितलं नाय."

संतोषनं बोटं पुसली. "मावशी, ती वाहत आली असणार आंबेशेताकडनं. त्यांची केस हाय ती. आणि तुमचा काठ आमच्या हद्दीत येतच नाय."

जिजा टेंपोनं आंबेशेतला गेली. तिथल्या क्लार्कनं मोबाइलमधनं मान वर काढली नाही. "काठ खडकोलीचा. नकाशा बघायचा तर तालुक्याला जा. आणि पाणी पाटबंधाऱ्याचं, त्यांना अर्ज द्या."

"अर्ज वाचून म्हस उठून जाईल का?"

"बाई, कामाच्या टायमाला डोकं खाऊ नका."

जिजा परत आली तेव्हा उन्हं कलली होती. म्हशीचं पोट एका अंगानं फुटलं होतं आणि किड्यांची वळवळ पाण्यात पसरत होती. तिनं पदर खोचला.

"चांगो, ट्यूब काढ."

"वयनी, हात लावायचा त्याला?"

"मंग काय सायबाची वाट बघतोस? त्येंच्या घरात बाटलीचं पानी हाय."

चांगो मासे धरायच्या ट्यूबवर बसून आत गेला. शिंगांना दोर बांधला. काठावरनं आठ-दहा जणांनी ओढलं. एक पाय निसटून चांगोच्या हातात आला, तशा बायका किंचाळून मागं सरल्या. जिजानं दोर सोडला नाही. सुकल्या गाळात पुरुषभर खड्डा खणला, दोन गोणी मीठ टाकलं आणि वरनं माती लोटली. जिजानं राखेनं हात चारदा घासले, तरी भाकरीला वास येतच राहिला. ती उपाशीच झोपली.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकल आली. बैल गेला आन् झोपा केला. टेकाडावरच्या बंगल्यातल्या पाहुण्यांनी दुर्गंधीची तक्रार केली होती, म्हणून संतोष नोटीस घेऊन आला होता. जिजाला वाचता येत नव्हतं. सुनितानं भिंतीला टेकून वाचली.

"खडकोली ग्रामपंचायतीच्या हद्दीत, साजवाडी काठावर, विनापरवाना मृत जनावर पुरल्याबद्दल खुलासा करावा."

"परत वाच गं. कुनाच्या हद्दीत?"

"खडकोलीच्या, आत्या."

जिजा संतोषकडं वळली. "सही-शिक्का हाय का ह्याच्यावर?"

"हाय की. सरपंचांची सही हाय. खेळ वाटला काय?"

"नाय, नाय. लई बेस केलंत." तिनं कागदाची घडी घालून पोलक्यात खोचली. "म्हस पुरली तवा काठ तुमचा झाला. मंग हापसाबी तुमचाच. ग्रामसभेत ह्योच कागद वाचाय लावते. तालुक्यालाबी दावते."

संतोषचा चेहरा उतरला. "ओ मावशी, द्या तो इकडं. टायपिंगची चूक हाय ती."

तो हात पुढं करून आला, तसा चांगो मधे उभा राहिला. त्याच्या अंगाचा सडका वास अजून गेला नव्हता. संतोष नाक धरून दोन पावलं मागं सरला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

ग्रामसभेत जिजानं कागद तीनदा वाचायला लावला. वरनं तालुक्याचे साहेब आलेले होते, त्यांच्यासमोर हापशाला नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. महिन्याभरात बोअरची गाडी वाडीत शिरली आणि पाणी लागलं.

उद्घाटनाला मात्र दोन्ही सरपंच आले. फलकावर नाव कुणाचं आणि नारळ कुणी फोडायचा, ह्यावरनं दोघांची जुंपली. "वाडी आमची!" "आमची निम्मी मतं हायत इथं!" माळा सुकल्या, फोटोवाला कंटाळला, उन्हात पोरं तहानेनं कोमेजली.

जिजा गर्दीतनं वाट काढत पुढं आली. कुणाला काही न विचारता तिनं हापसा मारला. ओंजळ भरून तोंडात घेतली, खळखळून चूळ भरली आणि त्या दोघांच्या बुटांशेजारी टाकली. मग हंडा लावला.