थेंबाची साक्ष

म्हातारा कारागीर उस्ता तोजिद्दीनने तांब्यात बोटं बुडवली आणि उघड्या साच्यावर पाणी शिंपडलं. थेंब चरचरले नाहीत. गोल होऊन घरंगळले आणि कडेवरून खाली पडले.

"अजून थंडच आहे," तो म्हणाला आणि त्याने आचेचं बटण आणखी पुढे फिरवलं.

शेजारी रबर कापत बसलेल्या त्याच्या सुनेने, सानोबरने, तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. दोनशे ऐंशी. सासऱ्याला ते आकडे आता दिसत नसत, आणि दिसत नाहीत असं कबूल करण्यापेक्षा त्याने जीव दिला असता. चाळीस वर्षं तो पाण्यालाच विचारत आला होता. चरचरलं की साचा तापला, रबर भरा.

पण गेल्या आठवड्यापर्यंत साचा नुसत्या लोखंडाचा होता. साबणाचं पाणी फासलं तरी कलिश, म्हणजे म्हातारे चामडी मोज्यांवर घालतात ते रबरी जोडे, काढताना फाटायचे. आता ताश्कंदच्या माणसाने साच्याला काळा, गुळगुळीत लेप दिला होता. त्याला काही म्हणजे काही चिकटत नव्हतं, पाणीसुद्धा. उस्ता तेव्हा चहाला गेला होता, म्हणून लेपवाल्याने सानोबरलाच बजावलं होतं, दोनशे साठच्या वर नेऊ नका. लेप जळायला लागतो. तो धूर दिसत नाही, पण छातीत बसतो.

तिला चौथा महिना होता. नवरा रशियात, घरात ठाऊक फक्त सासूला. सासऱ्यापुढे जिथे मान वर करायची सोय नाही, तिथे हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

"ओता," ती हळूच म्हणाली. सासऱ्याला ती बापासारखीच हाक मारी. "काटा दोनशे ऐंशी दाखवतोय. तो लेपवाला म्हणत होता..."

"काटा खोटं बोलेल, पोरी. पाणी नाही बोलत. का आता साचा तापवायला सुनेकडून शिकू?"

सानोबर पुन्हा रबर कापू लागली. तिला स्वतःचाच राग आला. एवढंसं वाक्य, तेही पुरं करता येईना. घसा मात्र मघापासून खवखवत होता.

यंत्राच्या वर, वाळक्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात उस्ताचा लावा पक्षी होता. सकाळपासून त्याने कारखाना डोक्यावर घेतला होता. तो कधी थांबला, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. उस्ताने पिंजऱ्यात हात घालून त्याला बाहेर काढलं. मान एका बाजूला लोंबली. म्हातारा बराच वेळ अंगठ्याने त्याची पिसं सारखी करत राहिला.

"खिडकीचा वारा बाधला याला," तो म्हणाला.

त्याने खिडकी ओढून घेतली, फटीत चिंधी कोंबली. मग अंगातला रुईभरला चापान काढून सुनेच्या खांद्यांवर टाकला.

"तूही वाऱ्यात बसू नकोस," तिच्याकडे न बघता तो म्हणाला. "तुझ्या सासूने सांगितलंय मला. आता दोन जिवांचं जपायला हवं."

इतक्या मायेने तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. सानोबरने मान खाली घातली.

"बरं, ओता," ती म्हणाली.