दुसरी पोळी

सर, तुम्ही माझ्या भाचीचं गणित पळवलंत. चोरासारखं नाही, दिवसाढवळ्या, आमच्याच सतरंजीवर मांडी घालून.

जूनमध्ये तुम्ही तलवाड्यात आलात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पोरं गोळा करत. दारात मोटारसायकल पाहून शेजारचा बजरंग मला म्हणाला, "मतं मागाय आलेत का बे?" पण माझी बहीण कौशल्याबाई हरखली. तिच्या घरी आजवर ऊसतोडीचा मुकादम आलेला, मास्तर कधीच नाही. तिनं पुरण शिजवलं. तुम्हाला ओवाळलं.

भाची रोहिणी म्हणाली, "सर, मला बीएस्सीला गणित घ्यायचंय. बारावीत त्यातच जास्त मार्क हायेत."

"गणितात लई पोरी गळतात. बीएला ये, लोकप्रशासन घे. माझाच विषय हाय. मी हाय ना तुझ्या पाठीशी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बहिणीनं तुमच्या ताटात दुसरी पोळी वाढली. "सर म्हणतेत तसंच कर," ती म्हणाली. घरी जेवलेल्या माणसाचा शब्द आमच्यात मोडत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तर दुसरी पोळीही घेतलीत.

कॉलेज सुरू झालं. तुमचा तास झाला तर झाला. रोहिणी गणिताच्या वर्गाबाहेर उभी राहून ऐकायची. शेवटी शिपाई हनुमानलाच राहवलं नाही. "ताई, पोरं कमी पडली असती तर सरांचा विषय बंद होत होता. नोकरीच जात होती. गावोगाव असेच जेवलेत ते."

ती भर वर्गात तुमच्याकडं आली. "सर, मला विषय बदलून गणित द्या."

"मुदत गेली आता," तुम्ही म्हणालात. "आन् गणित शिकून काय उसाच्या मोळ्या मोजणार का?"

वर्ग हसला. तुम्हीही हसलात.

दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. कॉलेजात परत पाय ठेवणार नाही म्हणते. खरं तिनं मला सांगितलं, आईला नाही. "अभ्यास झेपंना," एवढंच. परवा बहिणीचा फोन आला, उसाच्या फडातून. "पंडित, माझ्या वतीनं सरांची माफी माग रं. एवढे घरी आलते, जेवले, आन् आमचीच पोरगी कमी पडली."

माफी मागायला मी आलेलो नाही, सर. कमी कोण पडलं? तिच्या आईला काय सांगू? बोला.