नोर्माबाईंची तपकिरी सुटकेस

मित्रांनो, मला चाकं आहेत म्हणून मी मनाला येईल तिकडे हिंडत असेन, असं समजू नका. कुणी ओढलं तर मी जाते, कुणी सोडलं तर तिथंच उभी राहते. तोंड तर मला नाहीच. ते असतं तर एका शनिवारी सकाळी चिलीतल्या सांतियागोच्या विमानतळावर मी असा टाहो फोडला असता की विमान जागचं हललं नसतं.

कारखान्यात माझ्या अंगावर जाड तपकिरी कापड चढवलं, आतून पट्ट्यापट्ट्यांचं अस्तर शिवलं आणि त्या अस्तरात चेन लावलेला एक चोरखिसा ठेवला. सांतियागोतल्या एका श्रीमंत घरानं मला विकत घेतलं. पहिल्याच प्रवासात माझा कोपरा खरचटला, तेव्हा मालकीणबाईंनी नाक मुरडलं आणि घरातली मुलं सांभाळणाऱ्या नोर्माबाईंना म्हणाल्या, "घे, तुला चालेल."

तेव्हापासून मी नोर्माबाईंची. दर जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, ते कुटुंब परदेशातल्या भारी हॉटेलात राहायला जाई आणि तिन्ही मुलांमागे धावायला नोर्माबाई बरोबर असत. इतरांच्या सुटकेसा समुद्राकडच्या खोल्यांत जायच्या. मी जायची मागच्या बाजूला, धुण्याच्या यंत्रांशेजारच्या खोलीत. माझ्यात असायचं काय? दोन पांढरे एप्रन, एक लोकरी जाकीट आणि मुलीचा फोटो. हिमेना, त्यांची एकुलती एक लेक, दर उन्हाळ्यात मावशीकडे राहायची.

आमच्या चिलीचा समुद्र फार थंड. पाय बुडवला की हाडं कळवळतात. त्या परदेशच्या किनाऱ्यांवर म्हणे पाणी कोमट असतं. पण नोर्माबाई त्यात कधी उतरल्या नाहीत. मुलांचे टॉवेल खांद्यावर टाकून, पायात बूट घालून त्या काठावर उभ्या राहायच्या. खोलीत आल्या की बुटातली वाळू झटकायच्या, तेवढीच काय ती माझी आणि समुद्राची ओळख.

मुलं मोठी झाली, नोर्माबाईंचे गुडघे गेले, काम सुटलं. मी कपाटावर चढले. कितीतरी वर्षं माझ्यावर धूळ साचली, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटायचं.

हिमेना मात्र शिकून दातांची डॉक्टर झाली. तिचं आणि नवऱ्याचं पटलं नाही. तो नवरा, नेल्सोन, उत्तरेला तांब्याच्या खाणीत कामाला गेला आणि हिमेना नऊ वर्षांच्या लेकीला, रायेनला, घेऊन आईकडे राहायला आली. एका संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं जाहीर केलं, "या जानेवारीत आपण तिघी ब्राझीलला जायचं. चांगल्यातल्या चांगल्या हॉटेलात. आणि आई, तू पाहुणी म्हणून यायचं. एप्रन घेतलास तर बघ!"

मला त्या दिवशी ऊन दाखवून स्वयंपाकघरात ठेवलं होतं, म्हणून सगळं ऐकायला मिळालं. पाव आणि अवोकाडो बाजूला सारून तिघी लॅपटॉपवर वाकल्या होत्या.

"हे बघ, पाच तारे!" हिमेना म्हणाली.

"तारे काय चाटायचेत? लहान मुलांचा तलाव खुर्चीतून दिसतो का ते बघ."

"आजी, यात घसरगुंडी आहे! तीन-तीन!" रायेन ओरडली.

"घसरगुंडीखाली पाणी किती खोल ते कुठं लिहिलंय? आणि बाल्कनीचं दार पोरांना उघडतं का, विचार. फोटो काढणाऱ्याला पोरं नसतात गं."

"अगं आई, तू हॉटेल निवडतेयस की त्याची झडती घेतेयस?"

"मी अशी हॉटेलं मागच्या दारानं पाहिली आहेत, बये. मला नको शिकवूस."

तीन आठवडे हेच चाललं. एक हॉटेल आवडलं तर त्याची खोली जिन्याशेजारी निघाली, दुसऱ्याचा किनारा खडकाळ. शेवटी ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या मासेयो शहराजवळचं एक नक्की झालं. तिघींना एकच मोठी खोली, खिडकीपाशी पलंग, आणि दारातून उतरलं की कोमट समुद्र. "खिडकीपाशी आई झोपणार," हिमेना म्हणाली. नोर्माबाई टेबलावरचे पावाचे कण गोळा करत बसल्या. त्या किती खूश होत्या ते मला ठाऊक आहे, कारण दुसऱ्याच दिवशी, दोन महिने आधी, त्यांनी मला भरायला घेतलं.

आमच्याकडे मूल आई किंवा बाप यांच्यापैकी एकाबरोबरच देशाबाहेर जाणार असेल, तर दुसऱ्याची परवानगी लागते. नोटरीसमोर सही केलेली, शिक्क्याची. नेल्सोननं सुट्टीवर आल्यावर निमूटपणे सही करून दिली. हिमेनानं तो कागद आईच्या हातात ठेवला. "सांभाळ हं, हाच नसला तर सगळं मुसळ केरात."

नोर्माबाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे मोजे, टोप्या, औषधं सांभाळली होती. कागदपत्रं मात्र कायम मालकीणबाईंच्या पर्समध्ये असायची. आता पहिल्यांदाच एक कागद त्यांच्यावर सोपवला होता. त्यांनी घरभर जागा शोधली. पर्स कुणी खेचून नेईल, पिशवी विसरेल. मग त्यांनी तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला, माझ्या चोरखिशात ठेवला, चेन ओढली आणि वरून दोनदा थोपटलं. त्यांच्याकडे होती त्यातली सगळ्यात भक्कम जागा तीच होती.

शनिवारी सकाळी विमानतळावर मला सामानाच्या पट्ट्यावर चढवलं. अहो, कागद! कागद माझ्यात आहे! मी किती ओरडले असेन मनातल्या मनात. पट्टा सरकत राहिला. रायेननं मला टाटा केला.

पुढचं मी नंतर घरी ऐकलं. पासपोर्ट तपासणाऱ्या पोलिसांच्या खिडकीवर कागद मागितला, तेव्हा नोर्माबाई ऐटीत म्हणाल्या, "तो नीट ठेवलाय, सुटकेसमध्ये."

"मावशी, मग सुटकेस आणा. कागदाशिवाय मूल जाणार नाही."

नेल्सोन खाणीत खोल कामावर, फोन लागेना. नोटरीची कचेरी शनिवारी बंद. विमान कंपनीची माणसं धावली, पण मी विमानाच्या पोटात अगदी तळाशी होते. मला ओढून बाहेर काढेपर्यंत विमानाचं दार लागलं होतं. नोर्माबाईंनी चेन उघडली आणि कागद पुढे केला. पोलिसानं पाहिला. "कागद अगदी बरोबर आहे, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला.

पुढच्या विमानात जागा थेट मंगळवारी होती. हॉटेलवाले फोनवर म्हणाले, पहिल्या रात्री कुणी आलं नाही तर खोली दुसऱ्यांना जाते; म्हणजे सहल बुडालीच. आणि तिथंच, सगळ्यांसमोर, हिमेनाच्या तोंडून निघून गेलं:

"त्यांच्या पोरांचा एक मोजासुद्धा कधी हरवला नाहीस, आई! चूक करायची तर ती आमच्याच वेळेला?"

नोर्माबाईंनी मान खाली घातली. मित्रांनो, मी त्यांच्या पायाशी उभी होते. हरवलं नव्हतं हो काही, एवढं एकच वाक्य मला बोलता आलं असतं तर!

हिमेना गाडीत रडली, घरी येऊन आईच्या पाया पडायची बाकी राहिली. "अगं, झालं ते झालं," नोर्माबाई म्हणायच्या आणि भांडी घासायला उठायच्या. पुढच्या वर्षी हिमेनानं पुन्हा तेच हॉटेल ठरवलं, पुन्हा तिघींसाठी. तिनं विनवलं, रायेन रुसली. नोर्माबाई हसून म्हणाल्या, "तुम्ही दोघी जा. झाडांना पाणी कोण घालेल? आणि माझ्या हातून पुन्हा काही झालं म्हणजे?"

त्या विमानतळापर्यंत आल्या. घरापासून तो नवा कागद त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, टॅक्सीतसुद्धा सोडला नाही. प्रवाशांच्या दाराशी त्यांनी तो लेकीच्या हातात दिला आणि त्या अलीकडे उभ्या राहिल्या. मला या वेळी हिमेना नेत होती; पट्ट्यावरून आत जाता जाता मी नोर्माबाईंना दुरून पाहिलं.

मासेयोच्या त्या खोलीत मी आठ दिवस खिडकीपाशी होते. हिमेनानं मला त्या रिकाम्या पलंगावर ठेवलं होतं. समुद्र खरंच दाराशी होता.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चूक झाली, तर ओरडण्याआधी त्या माणसानं ती वस्तू कुठं आणि का ठेवली होती, तेवढं विचारा. नोर्माबाई आता शहात्तर वर्षांच्या आहेत. त्या नाही म्हणतील, हसून टाळतील. त्यांचं ऐकू नका. मी अजून धडधाकट आहे, त्यांचे चार कपडे माझ्यात सहज मावतील. कुणीतरी ते भरा हो. मला भरता येत नाहीत.