करारात राहून गेलेला बेरी

निक्लाउस एश्लिमाननं शेत धाकट्या मुलाच्या, वेर्नरच्या, नावावर केलं त्या दिवशी लांगनाउच्या नोटरीला करार वाचायला पाऊण तास लागला. नोटरी एकेक कलम वाचत होता आणि निक्लाउस मान डोलवत होता. म्हातारा-म्हातारीला मरेपर्यंत राहायला श्टॉक्ली, म्हणजे अंगणापलीकडचं दोन खोल्यांचं घर. रोज दोन लिटर दूध. फोडलेली लाकडं, दाराशी आणून रचलेली. मागच्या चेरीची निम्मी फळं. गोठ्यासमोरच्या बाकावर ऊन असेल तेव्हा बसायचा हक्क. हे बाकाचं कलम निक्लाउसच्या बायकोनं, रोझिनानं, हट्टानं घालायला लावलं होतं. सून आज गोड आहे, पण बाक लिहून घेतलेला बरा, असं तिचं म्हणणं.

सह्या झाल्या, एकेक ग्लास वाइन झाली, आणि सगळे घोडागाडीतून परत निघाले. शेवटच्या वळणावर, लिंडनच्या झाडाखाली, बेरी वाट बघत उभा होता. त्याला पाहिलं आणि निक्लाउसला आठवलं. चेरी लिहिली होती, बाक लिहिला होता. कुत्रा राहूनच गेला होता.

आता कुणी म्हणेल, त्यात लिहायचं काय, कुत्रा म्हाताऱ्याचा, म्हाताऱ्याबरोबर जाईल. ज्याला असं वाटतं तो आमच्या डोंगरातला नव्हे. अंगणातला कुत्रा अंगणाचा असतो. गायी, नांगर आणि घंटा यांच्यासारखा तो शेताबरोबर जातो. सकाळ-संध्याकाळ दुधाची गाडी चीजवाल्याकडे कोण ओढणार? वाट चुकलेली कालवड कोण परत आणणार? बेरी कामाचा कुत्रा होता, आणि काम आता वेर्नरकडे गेलं होतं. हे निक्लाउसइतकं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तर तो गप्प बसला.

गप्प बसण्यात एश्लिमान घराण्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "विचारा ना मुलाला," रोझिना म्हणाली. "काय विचारू?" "कुत्रा मागा." "मागितलेला कुत्रा म्हणजे भिकेत आलेला कुत्रा," निक्लाउस म्हणाला आणि भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून नव्या घराकडे निघाला. चाळीस पावलं. बेरी दर खेपेला बरोबर आला, घड्याळाच्या, गाद्यांच्या, लोणच्याच्या बरण्यांच्या. त्याला वाटलं असावं, काहीतरी सण आहे.

संध्याकाळी दोन्ही दारं लागली. इकडे वेर्नर आणि त्याची बायको एल्सबेट, तिकडे निक्लाउस आणि रोझिना. बेरी अंगणात उभा राहिला. एकदा या दाराकडे पाहिलं, एकदा त्या. मग तो बरोबर मध्यावर गेला, तिथं गोल फिरला आणि मोठा उसासा टाकून बसला. निक्लाउसनं दुसऱ्या दिवशी पावलं मोजली. इकडून वीस, तिकडून वीस.

असला कुत्रा ज्यानं पाळला नाही त्याला हे नवल वाटेल. बेरी पन्नास किलोंचा होता, काळाभोर, छातीवर पांढरा, गालांवर तांबूस, आणि दोन्ही भुवयांवर तांबड्या मातीचा एकेक ठिपका. जुनी माणसं अशांना चार डोळ्यांचा म्हणत. झोपला तरी दोन डोळे उघडेच. निक्लाउस पोरगा होता तेव्हा शहरातली हॅटवाली माणसं खेडोपाडी फिरायला लागली, कुत्र्यांचे दात बघायला लागली, शेपट्या न्याहाळायला लागली. तेव्हा कुठं आम्हाला कळलं की अंगणात जे पसरलेलं असतं त्याला जात आहे. निक्लाउसच्या आजोबांच्या कुत्र्याचं नाक मधोमध दुभंगलेलं होतं, तसली नाकं तेव्हा पुष्कळ असत. साहेबांनी ते नापसंत केलं. आजोबा म्हणाले, "नाक त्याचं, वास तो घेतो. तुमची काय अडचण?"

दात आणि शेपूट बघून या कुत्र्याचं खरं काही कळत नाही. तो माणसं मोजतो. घरातलं माणूस कमी असेल तर त्याला चैन पडत नाही. उगाच भुंकत नाही, पण परका आला की दारात आडवा उभा राहतो, बस्स, आणि परक्याला आपण होऊन पुढं यावंसं वाटत नाही. जीव लावला की सगळा भार तुमच्या पायांवर टाकून टेकून उभा राहतो. एल्सबेट नवी नवरी असताना असाच टेकला, तर ती सुपासकट खाली बसली होती. अशा कुत्र्याला चार माणसांची दोन घरं करून दिली तर तो बिचारा करणार काय? मध्यावर बसणार.

त्या जागेचं गवत महिन्याभरात गेलं.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला निक्लाउस चोरी म्हणत नसे. सकाळी वेर्नर गोठ्यात असताना तो रोश्टीचा, म्हणजे परतलेल्या बटाट्याच्या किसाचा, उरलेला तुकडा खिशातून नेऊन बेरीपुढं टाकायचा. रविवारी वेणीच्या पावाचं टोक. डुकराचा कान. बेरी खाऊन घ्यायचा, हाताला एकदा चाटायचा आणि जागचा हलायचा नाही. निक्लाउसची खटपट त्याला इकडं ओढायची होती, पण वीस पावलं काही कमी होईनात.

"अहो, कुत्रा फुगतोय," रोझिना म्हणाली.

"थंडीची तयारी करतोय."

"जुलै आहे."

चीजवाला हेर्मान तर दुधाच्या रांगेत सगळ्यांदेखत बोलला. "काय रे वेर्नर, दूध तू आणतोस की कुत्र्यालाच गाडीत घालून आणायचं? पट्टा दोन भोकं सैल केला वाटतं." वेर्नरचे कान लाल झाले. हे घरोघरी पोचलं, श्टॉक्लीतही पोचलं, आणि निक्लाउसला प्रश्न पडला. आपल्या तुकड्यांनी दोन भोकं कशी वाढतील? मग एका सकाळी त्यानं खिडकीतून पाहिलं. वेर्नर अंगणात आला, मागं-पुढं बघितलं, आणि बंडीच्या खिशातून सॉसेज काढलं.

निक्लाउसला हसूही आलं आणि रागही आला. ज्याच्याकडे कुत्रा आहे त्यानं लाच कशाला द्यावी? त्यावरून बोलायचं तर दोघांनीही आपापली चोरी कबूल करावी लागली असती. तेव्हा बापलेक भेटले की हवेवर बोलत. गवत कापायला झालं. हो, झालं. पाऊस येईलसं दिसतं. हो, दिसतं.

निक्लाउसला आतून खात होतं ते वेगळंच, आणि ते त्यानं रोझिनालाही सांगितलं नव्हतं. तेहेतीस वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्या नावावर शेत झालं, तेव्हा त्याचे वडील याच श्टॉक्लीत राहायला आले. तेव्हाच्या कुत्र्याचं नाव रिंगी, गळ्याभोवती पांढरं कडं होतं म्हणून. वडिलांनी एकदाच विचारलं होतं, "रिंगी येऊ दे का रात्रीपुरता?" आणि तिशीतला, नवा मालक झालेला निक्लाउस म्हणाला होता, "कुत्रा अंगणाचा, बाबा. तुम्हीच शिकवलंत." त्यानंतर दोन हिवाळे संध्याकाळी श्टॉक्लीच्या खिडकीतून शीळ यायची. हळू, दोन सुरांची, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. रिंगी साखळीला असायचा, तो नुसते कान उभे करायचा. निक्लाउसला गोठ्यात ती शीळ रोज ऐकू यायची. तो बादली जरा जोरात आपटायचा. तिसऱ्या हिवाळ्यात शीळ थांबली, वडीलच राहिले नव्हते.

आता त्याच खिडकीत तो बसायचा. शीळ त्याच्या ओठांवर यायची आणि तिथंच राहायची. आपण तेव्हा दिलं नाही, आता कुठल्या तोंडानं मागायचं?

आणि वेळ फार नव्हता. आमच्याकडे या कुत्र्यांबद्दल म्हणतात, तीन वर्षं पोरकट, तीन वर्षं कामाचा, तीन वर्षं म्हातारा, पुढचं देवाचं देणं. बेरीला आठवं चालू होतं.

डिसेंबरात बर्फ पडायला लागलं. बर्फ म्हणजे बेरीची चंगळ. तो पाठीवर लोळायचा, तोंडानं नांगरायचा. पण मधली जागा सोडायचा नाही. एका पहाटे निक्लाउस उठून बघतो तर अंगणात नुसता पांढरा उंचवटा आणि त्यातून येणारी वाफ. हाडं धरतील आता, असं म्हणत त्यानं एक फळी काढली आणि कुत्र्याखाली सरकवायला गेला. बर्फ बाजूला केलं तर खाली कोरडा पेंढा होता, चांगला वीतभर, आणि घोड्याचं जुनं घोंगडं. पेंढा तर श्टॉक्लीत नव्हता. निक्लाउसनं फळी पेंढ्याखाली सरकवली आणि मुकाट्यानं घरी गेला. दुपारी वेर्नर भेटला. "बर्फ बरंच पडलं," वेर्नर म्हणाला. "हो, बरंच," निक्लाउस म्हणाला.

मार्चमध्ये, रस्ते सकाळी काचेसारखे होतात तेव्हा, ते घडलं. साडेसहाच्या सुमारास निक्लाउस खिडकीत कॉफी घेऊन उभा होता. चढावरून दुधाची गाडी येताना दिसली, पण तिची चाल निराळी होती. दांड्यांमध्ये वेर्नर होता, वाकलेला, तोंडातून वाफ सोडत. आणि गाडीत, रिकाम्या कॅनांच्या मधे, बेरी बसला होता, मान ताठ करून, गावच्या सरपंचानं बसावं तसा.

चीजवाल्याच्या उतारावर बेरीचा पाय घसरला होता, मागचा. दुपारी गुरांचा डॉक्टर आला, त्यानं पाय दाबून पाहिला, कंबर दाबून पाहिली. मोडलं काही नव्हतं. पण कंबर गेली होती, नुसती त्या सकाळची नव्हे, वर्षांची. "चालेल-फिरेल," डॉक्टर म्हणाला, "गाडी मात्र आता कधीच नाही." फाटकाशी शेजारचा गेर्बर उभा होता. त्यानं काम न करणाऱ्या कुत्र्यांचं आपण काय करतो ते मोठ्यानं सांगितलं. त्याच्याकडे बंदूक होती आणि मत होतं, आणि दोन्ही तो न मागता द्यायचा.

निक्लाउसनं हे सगळं खिडकीतून ऐकलं. वेर्नर काय म्हणाला ते मात्र ऐकू आलं नाही, कारण वेर्नर काहीच म्हणाला नाही. तो बेरीला उचलून गोठ्यात घेऊन गेला आणि दार लागलं. मधली जागा पहिल्यांदा रिकामी दिसली.

"जा आता," रोझिना म्हणाली. "जाऊन मागा."

निक्लाउसनं टोपी घातली. परत काढली. शेतकरी माणूस हिशेबी असतो, तोही होता. काम न देणारं जनावर आपण स्वतः किती वर्षं ठेवलं होतं? त्यानं दुसऱ्यांदा टोपी घातली, तेवढ्यात दारावर थाप पडली.

वेर्नर होता. पुढच्या दारानं, रविवारचं जाकीट घालून, टोपी हातात. अंगावर गोठ्याचा वास होता. मागं बेरी तीन पायांवर उभा होता.

"बाबा," वेर्नर म्हणाला, "करारात एक राहून गेलं."

निक्लाउसनं टोपी काढली.

"यानं काम सोडलं. सोडलेल्यांची जागा श्टॉक्लीत असते, असंच चालत आलंय. चुलीजवळ पेंढा मी आणून टाकतो. दूध रोज अर्धा लिटर जास्त. आणि गोठ्यासमोरच्या बाकाजवळ, ऊन असेल तेव्हा..." तो हातातली टोपी गोल फिरवायला लागला.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मागितला नाहीत. मला वाटलं, मी दिला तर म्हणाल, नव्या मालकाला रीत कळत नाही."

बेरी मध्ये घुसला आणि सगळा भार निक्लाउसच्या गुडघ्यांवर टाकून टेकला. निक्लाउसनं चौकट धरली म्हणून बरं. "मी माझ्या बापाला नाही दिला," तो म्हणाला. "रिंगी. त्यांनी मागितला होता." एवढंच बोलला, पण तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा बोलला. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. रोझिनानं न विचारता तिसरा कप मांडला.

पेंढा आला, अर्धा लिटर दूध आलं, बेरी चुलीजवळ झोपला आणि घोरला. सकाळी दार उघडल्याबरोबर लंगडत बाहेर गेला, वीस पावलं, आणि आपल्या उघड्या मातीवर बसला. त्याचा करार त्याच्यापाशी. दिवसभर तो दोन्ही दारं सांभाळायचा, आणि संध्याकाळी त्याला आत घ्यायचं काम निक्लाउसचं.

त्या संध्याकाळी निक्लाउस खिडकीत आला. ओठ ओले केले आणि शीळ घातली, दोन सुरांची, हळू, वडिलांसारखी. बेरी हलला नाही. गोठ्यात बादलीचा आवाज थांबला. निक्लाउस तसाच उभा राहिला, चोरी पकडली गेल्यासारखा.

गोठ्याचं दार उघडलं आणि वेर्नरनं डोकं बाहेर काढलं.

"जोरात वाजवा, बाबा," तो ओरडला. "त्याला आता कमी ऐकू येतं."