आहेराची मेंढी

उन्हाळ्याच्या वणव्यात मेंढपाळ बाकीझिओचा अख्खा कळप गेला. पावसानंतर गवत उगवलं, घरोघरच्या मेंढ्या व्यायल्या, तेव्हा सार्डिनियातलं हे डोंगरी गाव रिवाजाला जागलं. रिवाजाचं नाव पारादूरा. कुणाचा कळप गेला की प्रत्येक मेंढपाळानं एक दुभती मेंढी त्याच्या दारात आणून सोडायची, आणि आभार ऐकायला थांबायचं नाही.

यंदा मात्र सगळ्यांना थांबावं लागलं, कारण बाकीझिओच्या फाटकात पशुवैद्य अंतिओको हातमोजे चढवून उभा होता.

"प्रत्येक मेंढी वेगळी बांधा," तो म्हणाला. "दुधाचा नमुना प्रयोगशाळेत जाईल. उत्तर येईपर्यंत एकीला दुसरीजवळ सोडायचं नाही."

"डॉक्टर, आहेराचं पाकीट कुणी मंडपातच फोडून बघतं का?" म्हाताऱ्या तोतोनीनं विचारलं.

"पाकिटात मायकोप्लाझ्मा नसतो."

हे उत्तर अंतिओकोला स्वतःलाच इतकं आवडलं की त्यानं ते पुढच्या तिघांनाही ऐकवलं. बोलत होता ते खोटं नव्हतं. मेंढी वरून ठणठणीत दिसते, मायकोप्लाझ्माचा जंतू दुधात असतो, आणि दूध काढणाऱ्याच्या हातावरून तो एका कासेवरून दुसऱ्या कासेवर जातो. मग दुधाचं पिवळं पाणी होतं, डोळे येतात, गुडघे सुजतात, दूध आटतं. गावभरच्या मेंढ्या एकत्र येणार, म्हणजे एक जरी आजारी निघाली तरी सगळा कळप बुडाला. आणि बाकीझिओला दुसरा कळप द्यायची ताकद गावात उरली नव्हती.

सगळ्यांत शेवटी अंतिओकोनं आपली मेंढी आणली. वडिलांमागे हौसेनं राखलेल्या चारदोन मेंढ्यांतली सर्वांत देखणी, गळ्यात लाल गोंडा. ती तो सरळ आत घेऊन निघाला.

"हिचं दूध नाही घेतलंस," बाकीझिओची आई बोनारिया म्हणाली.

"मावशी, ही माझी आहे."

"म्हणूनच."

म्हातारीचं मन राखावं म्हणून त्यानं हसत हसत नमुना घेतला आणि नळीवर ऐटीत लिहिलं, 'डॉक्टरांची'.

शनिवारी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. "एक सोडून सगळ्या स्वच्छ."

"तोतोनीची ना? मला वाटलंच होतं."

"नाही. नळीवर 'डॉक्टरांची' लिहिलंय."

त्यानं पुन्हा तपासायला सांगितलं. बाईंनी पुन्हा तपासूनच फोन केला होता. मग तो आपल्या गोठ्यात दूषित मेंढा कुणाचा शिरला, चारा कुणाकडून आला, हे शोधत बसला. गावातली सगळी माणसं संशयाखालून गेली आणि मग त्याचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. दिवसभर गावोगावच्या आजारी मेंढ्यांच्या कासा दाबायच्या, संध्याकाळी घाईघाईनं घरी येऊन त्याच हातांनी आपल्या मेंढ्यांचं दूध काढायचं. हात धुवायचे राहायचे. 'दूध काढण्याआधी हात धुवा' हे पत्रक गावातल्या प्रत्येक गोठ्यात त्यानंच चिकटवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

रविवारी कळप एकत्र करायचा होता. गाडीत बसल्या बसल्या त्यानं थाप जुळवली: आपल्या मेंढीचा पाय मुरगळलाय, परत नेतो. कोणता पाय, तेही ठरवलं. मागचा डावा.

बाकीझिओच्या अंगणात भाकरी, चीज आणि वाइन मांडून गाव जमलं होतं. "उत्तर आलं?" बाकीझिओनं विचारलं. त्याचा चेहरा बघून अंतिओकोच्या तोंडून अर्धं खरं निघून गेलं. "आलं. एक आजारी आहे."

कुणी कुणाकडे बघेना. तोतोनीनं हळूच डोक्यावरची टोपी काढली. "माझीच असेल. आमच्याकडे मागं दूध आटलं होतं. माफ कर बाकीझिओ, घेऊन जातो." आणि तो दोर सोडायला निघाला.

आता गप्प बसलं तरी चाललं असतं. अंतिओकोला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"तुमची नाही, काका. माझी आहे," तो म्हणाला. "मीच हात न धुता दूध काढत होतो. मावशी बोलली नसती तर माझी मेंढी आज तुमच्या मेंढ्यांत मोकळी सुटली असती."

तोतोनीनं टोपी पुन्हा चढवली. "म्हणजे डॉक्टरांचंच पाकीट रिकामं."

"रिकामं असतं तर बरं होतं," अंतिओको म्हणाला, आणि मग अंगण हसलं ते थांबेचना. वसंत सरेपर्यंत त्याला कुणी डॉक्टर म्हटलं नाही, पाकीट म्हणत.

त्याच्या उरलेल्या मेंढ्याही तशाच निघाल्या. खाटकाकडे पाठवाव्या लागल्या. वडिलांच्या कळपातली शेवटची मेंढी खाटकाच्या गाडीत चढली तेव्हा तो गाडीमागे तोंड फिरवून उभा राहिला. गोठ्याला चुना मारला आणि दार लावून टाकलं.

एका सकाळी त्याच्या फाटकात बाकीझिओ आणि बोनारिया उभे. दोराला एक मेंढी.

"हे काय?"

"पारादूरा," बाकीझिओ म्हणाला. "तुझा कळप गेला ना?"

"अरे, तुझंच अजून कुठं नीट..."

"रिवाज आहे. तपासून आणलीय, स्वच्छ आहे."

अंतिओकोनं मेंढीकडे हात पुढे केला.

"थांब," बोनारिया म्हणाली. "आधी हात धुऊन ये."

तो गेला. नळाशी त्याला जरा वेळच लागला.